बारा माणसांचं टेबल

हाँगकाँगमध्ये एकटा माणूस उपाशी राहत नाही. ऑफिसातून खाली उतरलं की काचेमागे आकड्यांना टांगलेली भाजकी बदकं आणि चकाकणारं लालसर डुकराचं मांस दिसतंच. आत जायचं, भातावर चार तुकडे कापून घ्यायचे, वर चमचाभर रस, कडेला हिरव्या भाजीच्या दोन काड्या. शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी माणूसही तेच जेवत असतो. दोघांची जेवणं दहा मिनिटांत आटपतात, कोणी कोणाकडे बघत नाही. नूडल्स, पेज, मातीच्या भांड्यातला भात, सगळं एका माणसाच्या मापाने मिळतं आणि चांगलं मिळतं. नोकरीसाठी इथे आल्यावर मी बराच काळ असंच जेवले.

पण कॅन्टोनीज, म्हणजे दक्षिण चीनच्या या भागातल्या, स्वयंपाकाचा गाभा एकट्याच्या भांड्यात मावत नाही. अख्खा मासा, अख्खी कोंबडी, तास न् तास मंद आचेवर ठेवलेलं सूप हे पदार्थ रचलेच आहेत ते दहा-बारा जणांसाठी. एकट्याने मासा मागवला तर त्या रात्री नुसता मासाच खावा लागेल, आणि इथल्या माणसाच्या लेखी एकाच पदार्थावर पोट भरणं म्हणजे जेवण नव्हे. वाफवलेलं काही हवं, तळलेलं काही हवं, कढईतून धूर घेऊन आलेलं काही हवं, आणि प्रत्येकाचे दोन-दोन घासच हवेत. हे साधायचं तर माणसं जमवावी लागतात. परदेशात डिमसमचा, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या वाफवलेल्या पदार्थांचा, इतका बोलबाला झालाय की कॅन्टोनीज जेवण म्हणजे त्या बांबूच्या टोपल्या असं पुष्कळांना वाटतं. ती सकाळ-दुपारची गोष्ट. रात्रीचं मोठं जेवण वेगळं, आणि मला विचाराल तर या लोकांना ओळखायचं असेल तर त्याच टेबलावर बसायला हवं.

गेल्या जुलैत आमच्या विभागातले एक वरिष्ठ निवृत्त झाले. त्यांच्यासाठी बारा जणांचं टेबल राखून ठेवलं होतं, शेउंग वानमधल्या एका जुन्या रेस्टॉरंटमध्ये. आमचं ऑफिस बंदराच्या अलीकडे, चिम शा चुईत. पलीकडे जायला मेट्रो आहे, पण अशा संध्याकाळी मी स्टार फेरीने जाते. ही बोटसेवा 1888 मध्ये सुरू केली ती मुंबईहून आलेल्या दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थाने. ते आधी स्वयंपाकी होते, मग बेकरी काढली, हॉटेल चालवलं. जेवायला निघताना एका स्वयंपाक्याने सुरू केलेल्या बोटीत बसावं, याचं मला मनापासून बरं वाटतं.

रेस्टॉरंट पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशीच काचेच्या टाक्या, त्यांत मासे, खेकडे, दोऱ्याने नांग्या बांधलेले. गल्ल्याजवळ देव्हाऱ्यात लाल तोंडाचा, लांब दाढीचा क्वान गुंग, पुढे लाल दिवा आणि संत्री. आतल्या भिंतीवर सोनेरी ड्रॅगन आणि फिनिक्स समोरासमोर, कारण लग्नाच्या मेजवान्याही याच दालनात होतात. जेवणाआधी पाहुणे इथेच तासन् तास माजाँग हा सोंगट्यांचा खेळ खेळत बसतात. आणि आवाज! प्रत्येक टेबल मोठ्याने बोलत होतं, बशा आदळत होत्या, आत कढया खणखणत होत्या. मला हा गोंगाट हवाहवासा वाटतो. अलीकडे मंद दिव्यांची, कुजबुजत जेवायची महागडी कॅन्टोनीज रेस्टॉरंटं निघाली आहेत. तिथलं जेवण उत्तम असेल, पण तिथे माणसं एकमेकांना वाढायला बिचकतात.

दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, ती वरिष्ठांना. ताटल्या जिथून आत येतात त्या बाजूला आम्ही वयाने लहान. कोटावर, पिशव्यांवर वेटरने कापडी आच्छादनं घातली, की तेलाचा वास लागू नये. मग पहिला प्रश्न: चहा कोणता? पो लेई ठरला, काळपट, मातकट वासाचा. त्या पहिल्या चहाने पेले, वाट्या, चमचे, चॉपस्टिक्सची टोकं विसळायची आणि पाणी मधल्या मोठ्या वाडग्यात ओतायचं. भांडी स्वच्छच असतात, आता याची गरज उरलेली नाही. तरी हे केल्याशिवाय जेवण सुरू झालंसं वाटत नाही. आमच्यातला सर्वांत धाकटा, नुकताच पुण्याहून आलेला मुलगा, कोणी न सांगता शेजारच्या दोन थोरांची भांडी विसळू लागला तेव्हा टेबलभर कौतुकाचा हुंकार उठला. चहा आधी दुसऱ्यांना ओतायचा, स्वतःला शेवटी. ज्याच्या पेल्यात पडतो तो दोन बोटं टेबलावर हळूच टेकवतो, म्हणजे आभार. चीनचा चिएनलुंग बादशहा वेष पालटून हिंडत असताना त्याने आपल्या सेवकाला चहा ओतला, सेवकाला उघडपणे गुडघे टेकता येईनात म्हणून त्याने बोटं वाकवून मुजरा केला, अशी कथा सांगतात. कथेचं राहू द्या, पण या दोन बोटांमुळे बोलणं न तोडता आभार मानता येतात. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर गरम पाणी घालून जातो. हाक मारावी लागत नाही.

मेन्यूकार्डं आली आणि सगळी एकाच व्यक्तीकडे सरकली. आमच्या हिशेब खात्यातल्या एक बाई आहेत, पन्नाशी उलटलेल्या. ऑफिसात सगळे त्यांना थोरल्या बहिणीच्या मानाने हाक मारतात, म्हणून मीही इथे ताईच म्हणते. बारा जणांनी बारा पदार्थ निवडायचे ही पद्धतच नाही. एकाने सगळ्यांसाठी मागवायचं, आणि ते काम ज्याला जमतं त्याच्या हाती मंडळी निर्धास्तपणे जेवण सोपवतात. ताईंनी कार्ड उघडलंसुद्धा नाही. कॅप्टनला, म्हणजे मुख्य वेटरला, जवळ बोलावलं आणि दोघांची वाटाघाट सुरू झाली: आज मासा कोणता चांगला, कितीचा आहे, पालेभाज्यांत काय कोवळं आहे. जिवंत माशांचे भाव कार्डावर नसतात, तिथे नुसतं ‘आजचा भाव’ लिहिलेलं असतं, तेव्हा हे विचारणं भागच असतं.

त्यांचं मागवणं मी कान देऊन ऐकत होते. एक मांस दोनदा येऊ द्यायचं नाही. तळलेल्या पदार्थापाठोपाठ तळलेला नको. रस्सेदार एक, कोरडा एक. दातांनी अधू असलेल्या वरिष्ठांसाठी काहीतरी मऊ, म्हणून टोफू. शेजारच्या बाईंना कोळंबी चालत नाही, हे त्यांच्या ध्यानात होतं. सूप त्यांनी दोन दिवस आधीच फोनवरून सांगून ठेवलं होतं. आणि एकूण पदार्थ सात होऊ द्यायचे नाहीत, कारण सात पदार्थांचं जेवण अंत्यविधीनंतर देतात. आठ झाले की शुभ.

पुण्याचा मुलगा शाकाहारी. आमच्याकडच्या ऑफिस पार्टीत शाकाहारी माणसाची कशी चौकशी होते ते मला ठाऊक आहे: अंडं चालतं का, का खात नाही, एवढंसं खाऊन बघ. ताईंनी त्याला फक्त दोनच गोष्टी विचारल्या. ऑयस्टर सॉस चालणार नाही ना? कांदा-लसूण चालतो ना? बस. इथे पुष्कळ वयस्कर माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, बौद्ध मठांतल्या जेवणाची जुनी परंपरा आहे, तेव्हा यात त्यांना काही नवल नव्हतं. त्यांनी लो होन जाय मागवलं. अर्हतांच्या, म्हणजे बौद्ध संतांच्या, नावाचा हा पदार्थ, मशरूम, कानाच्या आकाराची काळी बुरशी, कमळाच्या बिया, टोफूच्या सुक्या पापुद्र्या यांचा. शास्त्रोक्त करायचा तर जिन्नस अठरा. मुख्य म्हणजे तो त्या मुलासाठी वेगळा बाजूला आला नाही. मधोमध आला, आणि सगळ्यांनी घेतला.

सूप आलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले. अख्खा कोहळा! आपल्याकडे वास्तुशांतीला, दृष्ट काढायला आणि पेठ्याला लागतो तोच, वरचा देठाकडचा भाग कापून उभा ठेवलेला, आतून पोखरलेला, बाहेरच्या हिरव्या सालीवर नक्षी कोरलेली. त्याच्या पोटातच सूप घालून कोहळा तास न् तास वाफवतात. उन्हाळ्यातला हा मानाचा पदार्थ, कारण कोहळा थंड. आत बदकाचे तुकडे, सुकवलेल्या शिंपल्याचे धागे, कमळाच्या बिया, काठावर खेकड्याचं मांस आणि वर रात्री दरवळणाऱ्या एका वेलीच्या हिरवट-पिवळ्या कळ्या पेरलेल्या. कॅप्टनने लांब दांड्याच्या पळीने आतली भिंत खरवडून प्रत्येक वाटीत काचेसारखा पारदर्शक झालेला एक पापुद्रा सोडला. सूपाला कोहळ्याची चव होती आणि कोहळ्याला बाकी सगळ्याची. त्या मुलासाठी ताईंनी मशरूमचं निवळ सूप वेगळं सांगितलं होतं, तेही त्याच वेळी त्याच्या पुढे आलं.

मग कोंबडी, कारण कोंबडीशिवाय मेजवानी नाही असं इथली म्हणच सांगते. कुरकुरीत सालीची, तुकडे करून पुन्हा कोंबडीच्या आकारात मांडलेली, डोक्यासकट. डोकं कोणाकडे येतंय म्हणून एकदोघांनी थट्टेने टेबलावरची फिरती काच वळवली. वर्षाअखेरच्या मेजवानीत मालक ज्याच्या वाटीत कोंबडीचा तुकडा घाली त्याची नोकरी गेली, असा जुन्या पेढ्यांतला रिवाज. त्या तुकड्याला ‘निर्दय कोंबडी’ म्हणत. वरिष्ठ म्हणाले, “माझी नोकरी तर गेलेलीच आहे, द्या इकडे.” आणि खरोखरच त्यांनी तो तुकडा घेतला.

मासा मात्र थाटात आला. आधी जिवंत. कॅप्टनने प्लॅस्टिकच्या टोपलीत तो आणून ताईंना दाखवला, हेकरूच्या कुळातला, ठिपक्यांचा, शेपटी आपटणारा. दोन कॅटींच्या आतबाहेर, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. ताईंनी मान हलवली. या मोठ्या स्वयंपाकघरांत मासा साफ करणारा वेगळा, चिरणारा वेगळा, वाफवणारा वेगळा आणि कढईवरचा वेगळा. वाफवणाऱ्याचा कस माशात लागतो. दहा-बारा मिनिटांचा मामला, त्यात एक मिनिट इकडे की कच्चा, एक मिनिट तिकडे की चोथा. वाफवताना सुटलेलं पाणी ओतून द्यायचं, कारण वास त्यात असतो. वर केसासारखं बारीक आलं आणि कांद्याची पात, त्यावर धूर सोडणारं कडकडीत तेल, कडेने गोडसर सोया. ताटली टेबलावर टेकली तेव्हा पात अजून चुरचुरत होती.

अलिबागजवळच्या आमच्या घरात मासा रोजचा, त्यामुळे माझी नजर आधी डोळ्यांकडे गेली: पांढरे, गोटीसारखे बाहेर आलेले, म्हणजे ताजा. मग ताईंनी चमच्याने पाठीकडचं मांस सोडवलं. पाकळ्या आपोआप सुटत होत्या आणि अगदी काट्यालगत एक धागाभर मांस चिकटून राहिलं होतं, किंचित गुलाबी. “बघ,” त्या म्हणाल्या, “इथे चिकटला पाहिजे. सुटला तर जास्त झाला.” हळद नाही, तिखट नाही, कोकम नाही. तोंडात फक्त मासा, आणि त्याच्या मागून आल्याची तीक्ष्ण रेघ. गालाचा मऊ तुकडा काढून ताईंनी वरिष्ठांच्या वाटीत ठेवला. एक बाजू संपल्यावर मासा उलटला नाही. मासा उलटला तर होडी उलटते, असं कोळी लोकांचं मानणं. काटा शेपटीकडून उचलून अलगद बाजूला केला आणि खालची बाजू खाल्ली.

मी आपल्याकडच्या पंगतीत वाढले आहे. पंगतीत पान ज्याचं त्याचं असतं, मीठ-लिंबापासून भातापर्यंत प्रत्येक जागा ठरलेली, आणि वाढपी समोरून येतो. वाढणारे वाढतात, जेवणारे जेवतात. इथे पान कोणाचंच नसतं. पुढ्यात मुठीएवढी वाटी आणि हाडं ठेवायला बशी, बाकी जे आहे ते मधोमध फिरत्या काचेवर. वाढपी नाही, म्हणून बाराही जण वाढपी. डाव्या हाताच्या माणसाने माझ्या वाटीत भाजी ठेवली, मी उजवीकडच्याला टोफू दिला, समोरून कोणीतरी काच थांबवून धरली कारण पलीकडचा अजून घेत होता. अर्धं लक्ष खाण्यात आणि अर्धं दुसऱ्याच्या वाटीत काय कमी आहे यात. आग्रह असतो, पण तोंडाने नाही. वाटीत तुकडा येऊन पडतो आणि वाढणारा तोवर दुसऱ्याच विषयावर बोलत असतो. स्वतःची वाटी स्वतःच भरत बसलेल्या माणसाला कोणी टोकणार नाही, पण त्याची नोंद सगळ्यांच्या मनात होते.

प्रत्येकापुढे चॉपस्टिक्सच्या दोन जोड्या होत्या, दोन रंगांच्या. एक मधल्या ताटलीतून घ्यायची, दुसरी तोंडात घालायची. पूर्वी एकच जोडी चाले. 2003 मध्ये सार्स या श्वसनरोगाची साथ आली, हाँगकाँगमध्ये 1,755 जणांना लागण झाली, 299 माणसं दगावली, आणि त्यानंतर ही दुसरी जोडी सर्रास दिसू लागली. वाढणं सोडायचं नाही, तर चॉपस्टिक्स बदलायच्या, हा मला फार शहाणपणाचा तोडगा वाटतो.

कोविडने मात्र टेबलच मोडलं. 2020 च्या उन्हाळ्यात एका टेबलाला दोनच माणसं असा नियम आला, संध्याकाळी सहानंतर आत बसून जेवायला बंदी. 2022 च्या सुरुवातीला पुन्हा काही महिने संध्याकाळी तेच. पोळी-भाजी डब्यात जाते, कोहळ्यातलं सूप कसं जाणार? मासा घरी पोचेपर्यंत गार आणि घट्ट होतो. कढईतला जो धुराचा दरवळ म्हणून या स्वयंपाकाची ओळख, तो झाकणाखाली पाच मिनिटंही टिकत नाही. वरिष्ठ सांगत होते, त्या दिवसांत त्यांच्या ऐंशी पार केलेल्या आई रोज विचारत, आपण सगळे एकत्र जेवायला कधी जायचं? हाँगकाँगमधल्याच ॲबर्डीनच्या खाडीतलं 1976 पासूनचं जम्बो हे तरंगतं रेस्टॉरंट त्याच काळात बंद पडलं आणि 2022 च्या जूनमध्ये दुसरीकडे ओढून नेताना दक्षिण चीन समुद्रात उलटलं. आता निर्बंध गेलेत, पण शनिवार-रविवारी माणसं स्वस्ताईसाठी सीमेपलीकडे शेन्झेनला जेवायला जातात आणि इथली जुनी दालनं रिकामी पडतात. याचं मला वाईट वाटतं, आणि त्यात त्या माणसांची चूक आहे असंही नाही. बारा जणांचं बिल मोठं असतं, घरभाडं त्याहून मोठं.

आल्याच्या चुरचुरीत रसातली गाय लान या पालेभाजीची पानं आली, शेवटी परतलेल्या लांब नूडल्स. हे भात-नूडल्स पोट भरण्यासाठी शेवटी, आणि ते पूर्ण संपले तर यजमानाने कमी मागवलं असा अर्थ निघतो, म्हणून थोडं उरतंच आणि डब्यात बांधलं जातं. गोड म्हणून लाल चवळीसारख्या दाण्यांचं गरम पातळ सूप, त्यात संत्र्याची सुकवलेली जुनी साल. चमचा तोंडात गेला आणि वरिष्ठांचा चेहरा उजळला. ही साल सानवुईची, म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या गावाकडची. आजी खिडकीत साली वाळत घालायची, वर्षानुवर्षं डब्यात जपायची.

तेव्हा मी त्यांना माझगावबद्दल सांगितलं. मुंबईत डॉकयार्डजवळ नवाब टँक रोडवर एक चिनी मंदिर आहे, सी यूप कून, 1919 चं. सी यूप म्हणजे सानवुईसकट चार परगण्यांचा मुलूख. तिथून बंदरात आलेल्या लोकांनी ते बांधलं. वरच्या मजल्यावर क्वान गुंग आहे, इथे गल्ल्याजवळ बसलाय तोच. वरिष्ठ चमचा खाली ठेवून ऐकत राहिले. “आमच्या गावची माणसं? मुंबईत?” त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग मोबाईल काढून नकाशावर ते ठिकाण शोधायला लावलं, खूण करून ठेवली, आणि आईला दाखवायचं म्हणाले. निवृत्तीनंतर कुठे कुठे जायचं याची त्यांची यादी सबंध जेवणभर चालली होती. त्यात जपानच्या खाली मुंबई आली.

संत्र्याच्या फोडी आल्या की जेवण संपलं समजायचं. खरी झटापट तेव्हा सुरू होते. वरिष्ठ हात धुवायला म्हणून उठले आणि थेट गल्ल्याकडे गेले. पाहुणा ते, तरी पैसे द्यायला निघाले! पण ताईंनी आल्या आल्याच कॅप्टनला आपलं कार्ड देऊन बजावून ठेवलं होतं. दोघांची गल्ल्यापाशी चांगलीच जुंपली, हात धरले, पाकीट मागे ढकललं, कॅप्टन दोघांकडे बघून हसत उभा. शेवटी वरिष्ठांनी पुढच्या वेळी मीच, असं तीनदा वदवून घेतलं तेव्हा कुठे ते निघाले. माणशी चहाचे पैसे आणि दहा टक्के सेवाशुल्क धरून जी रक्कम झाली ती दुसऱ्या दिवशी अकरा जणांत वाटून आम्ही आपापला वाटा ताईंना दिला.

जिन्यात ताईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, मध्य-शरद सणाच्या आधी आणखी एक टेबल लावायचंय आणि या वेळी मागवायचं तू. तेव्हापासून मी जाता-येता काचेच्या टाक्यांपाशी थांबते. बारा माणसं, एक शाकाहारी, एकीला कोळंबी चालत नाही, वरिष्ठांच्या आईही येणार आहेत म्हणजे मऊ पदार्थ दोन हवेत. कोंबडी या वेळी वाफवलेली घ्यावी असं मनात आहे, आल्या-पातीच्या तेलाबरोबर. म्हणजे मग तळलेलं काहीतरी दुसरं लागेल. कमळाच्या कंदाचं काही होईल का, ते कॅप्टनला विचारायचंय.